‘दीडशे फूट कोण मोजत बसणार?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि चांगली तिखटही आहे, म्हणून ‘धन्यवाद’ म्हणून मोकळी न होता नीट उत्तर लिहिते. न्यूयॉर्क राज्यातल्या स्टेट फॉरेस्टमध्ये, म्हणजे राज्याच्या मालकीच्या जंगलांत, कुठल्याही सोयींविना तंबू ठोकून राहण्याबद्दल मी जे लिहिलं, ते तुम्हाला सरकारी परिपत्रक वाटलं. तुमचं म्हणणं असं: जंगल सगळ्यांचं, बुकिंग नाही, पैसे नाहीत. मग पाठीवर सॅक टाकावी आणि निघावं. रस्ता, ट्रेल आणि पाण्यापासून तंबू दीडशे फूट लांब हवा म्हणे, ते कोण मोजत बसणार? वाहतं पाणी स्वच्छच असतं. आणि एका रात्रीची एवढी धास्ती असेल तर सरळ स्टेट पार्कात जावं. शेवटी एक टोला: मी नेमकी जागा सांगितली नाही, म्हणजे ती स्वतःसाठी राखून ठेवली.

आधी पार्कबद्दल. मला त्याचं वावडं नाही. मुलं पहिल्यांदाच तंबूत झोपणार असतील तर मीही तिकडेच जा म्हणेन. नळ आहे, संडास आहे, रात्री कुणाला ताप आला तर गाडी शेजारीच उभी आहे. पण तुम्ही स्टेट फॉरेस्टला ‘सोयी नसलेलं पार्क’ समजताय, आणि आपला खरा मतभेद तिथेच आहे. पार्क माणसांनी यावं म्हणून आखलेलं असतं. ही जंगलं त्यासाठी उभी राहिलीच नाहीत. चढउतारावरची नापीक शेती परवडेना, तेव्हा माणसं घरंदारं सोडून निघून गेली. १९२९ चा पुनर्वनीकरणाचा कायदा आणि १९३१ ची ह्युइट घटनादुरुस्ती यांच्या आधाराने राज्याने त्या पडीक जमिनी घेतल्या आणि १९३० च्या दशकात तिथे स्प्रूस आणि रेड पाइन या सूचिपर्णी झाडांची रोपं ओळीने लावली. आजही दाट रानातून चालताना मध्येच दगडी बांध आडवा येतो, पुढे एखाद्या घराच्या तळघराचा खड्डा दिसतो, तो त्यामुळे. (अंधारात तंबूबाहेर पडताना विजेरी हातात का असावी, याचं उत्तरही त्या खड्ड्यातच आहे.) पर्यावरण संवर्धन खातं, म्हणजे डीईसी, या जंगलांतून लाकूड विकतं. इथे शिकारीला परवानगी असते. तुम्ही नकाशावर हेरलेल्या सपाट जागेवर त्या महिन्यात ओंडके ओढणारं यंत्र उभं असू शकतं. हे कामाचं जंगल आहे. तुम्ही येणार म्हणून कुणी काही तयार ठेवलेलं नाही, आणि पार्कातल्या कर्मचाऱ्यांनी तुमच्यासाठी जे ठरवून ठेवलं असतं ते सगळं इथे तुम्हालाच, शक्यतो घरी बसून, ठरवावं लागतं. माझा अख्खा लेख त्याबद्दल होता.

आता ते दीडशे फूट. टेप कुणी नेत नाही. रस्ता, ट्रेल आणि पाणी या तिन्हींपासून सुमारे ४६ मीटर, म्हणजे साधारण साठ मोठी पावलं. खात्याने पिवळी ‘कॅम्प हिअर’ची चकती ठोकलेली असेल तिथे ही अटही नाही. दहापेक्षा कमी माणसं आणि एका जागी तीन रात्रींपर्यंत मुक्काम असेल तर परमिट लागत नाही. त्यापुढे फॉरेस्ट रेंजरकडून घ्यावं लागतं. झाला तुमचा परिपत्रकाचा गाभा! ओढ्याकाठची मऊ जमीन दोन-चार तंबूंनीच उघडी पडते, आपल्या खरकट्याचा आणि साबणाचा निचरा थेट पाण्यात जातो, आणि रात्री पाण्यावर येणाऱ्या जनावराला आपली नेहमीची वाट बदलावी लागते. अमेरिकेत इतक्या कमी अटींवर फुकट झोपू देणाऱ्या सरकारी जमिनी पूर्वेकडे फार नाहीत, म्हणून या साठ पावलांबद्दल तक्रार करायला माझी जीभ रेटत नाही.

खरी गोची अंतराची नसून हद्दीची असते. फिंगर लेक्स ट्रेल ही न्यूयॉर्क राज्यातली लांब पायवाट घ्या. नकाशावर ती एकच सलग रेघ दिसते, पण ती सरकारी जंगलातून निघून कुणाच्या तरी खासगी जमिनीत शिरते आणि पुन्हा जंगलात येते. खासगी तुकड्यावर चालायला मालकाने परवानगी दिलेली असते, मुक्कामाला नव्हे. काही मालक शिकारीच्या दिवसांत ट्रेलही बंद ठेवतात. संध्याकाळ झाली, पाय दमले, जागा छान दिसली, आणि ती नेमकी कुणाच्या तरी मालकीची निघाली, तर काय करणार? म्हणून हद्दीचा नकाशा फोनमध्ये आधी उतरवून घ्यायचा. दऱ्यांमध्ये रेंज जाते तेव्हा ऑनलाइन नकाशा उघडत नाही.

पाण्याबद्दल मात्र मी तसूभरही मागे हटणार नाही. वाहतं पाणी दिसायला नितळ असतं, एवढंच. वर कुठेतरी बीव्हरने बांध घातलेला असतो, हरणं उतरलेली असतात, आणि जिआर्डिया हा पोट बिघडवणारा परजीवी डोळ्यांना दिसत नाही. त्याचा त्रास बहुधा आठवडाभराने सुरू होतो, त्यामुळे पाण्याचा आणि पोटाचा संबंध लोकांच्या लक्षातच येत नाही. ‘मी तर नेहमी पितो, काही होत नाही’ असं म्हणणारे त्यामुळेच भेटतात. पाणी खळखळून एक मिनिट उकळलं की पुरे. फिल्टर सोपा, पण त्याच्याही मर्यादा आहेत. पोकळ धाग्यांचा साधा फिल्टर जिवाणू आणि जिआर्डिया अडवतो. शेतातून आलेलं खत किंवा फवारणीचं औषध अडवत नाही. या जंगलांच्या भोवती शेतं आणि गोठे आहेत. म्हणून मी नकाशावर ओढा उगमापर्यंत मागे नेऊन पाहते. तो जंगलातच उगम पावत असेल तर पाणी घेते, शेतातून येत असेल तर घरून भरून नेते. एका रात्रीचं पाणी वाहून न्यायला जड जातं, हे कबूल. पण ऑगस्टमध्ये नकाशावरची निळी रेघ प्रत्यक्षात कोरडी दगडांची वाट निघते, तेव्हा त्या ओझ्याचं काही वाटत नाही.

अस्वलाची तुम्ही थट्टा केलीत. अस्वल येईलच असं नाही. रॅकून आणि उंदीर मात्र हमखास येतात, आणि घामाच्या मिठासाठी साळिंदर बुटाचं चामडं कुरतडतं. खाणं, टूथपेस्ट, साबण तंबूबाहेर, दूर, उंच टांगून किंवा अस्वलाला उघडता न येणाऱ्या डब्यात. यावर आणखी लिहीत नाही.

ज्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत त्याचीच मला जास्त भीती वाटते: डोक्यावरची झाडं. एमराल्ड ॲश बोअरर हा किडा अमेरिकेत २००२ मध्ये मिशिगनमध्ये आढळला आणि न्यूयॉर्कमध्ये २००९ मध्ये. तेव्हापासून ॲशची झाडं जागच्या जागी वाळत आहेत. वाळलेला ॲश लवकर ठिसूळ होतो. फांदी तुटायला वारासुद्धा लागत नाही. सुतारपक्ष्यांनी वरची साल उडवलेली असल्याने खोड फिकट, पिवळसर पट्ट्यांचं दिसतं, ते ओळखायला शिका. तंबू अंथरण्याआधी जमिनीकडे सगळेच बघतात. मान वर करून पूर्ण एक फेरी मारा. ओळीने लावलेल्या स्प्रूसखाली सुयांची मऊ गादी असते, मोह होतो, पण त्यांची मुळं उथळ असतात आणि वादळात ती मुळासकट आडवी होतात. वाऱ्याचा अंदाज असेल तर मी तो मोह टाळते.

याच किड्यामुळे घरचं सरपण गाडीत टाकून नेऊ नका. न्यूयॉर्कमध्ये प्रक्रिया न केलेलं सरपण ५० मैलांपलीकडे नेता येत नाही. जागेवर जमिनीवर पडलेलं सुकं लाकूड वापरायचं, उभं झाड मेलेलं असलं तरी तोडायचं नाही. १६ मार्च ते १४ मे या काळातली बंदी काटक्या-फांद्या जाळण्यावर आहे, छोट्या शेकोटीवर नाही. हा तुमचा मुद्दा बरोबर आहे. पण त्या दिवसांत झाडांना पानं नसतात, ऊन थेट खाली पोचतं आणि मागच्या वर्षीचा पाचोळा कडकडीत वाळलेला असतो. कायदा हो म्हणतो. मी स्टोव्हवर चहा करते.

गोचिडांसाठी रोज रात्री गुडघ्यामागे, कमरेपाशी, केसांत तपासा आणि टोकदार चिमटा जवळ ठेवा. कुठे जाणार आणि कधी परतणार हे घरी कागदावर लिहून ठेवा. फोनवरच्या रस्ता दाखवणाऱ्या ॲपला ‘सीझनल रोड’ कळतोच असं नाही. हिवाळ्यात त्यावरचा बर्फ कुणी काढत नाही, आणि एप्रिलच्या चिखलात गाडी रुतली तर रात्र गाडीतच जाते.

आता ती ‘लपवलेली’ जागा. जंगलांची नावं सांगायला माझी काही हरकत नाही: इथाकाजवळचं शिंडॅगिन हॉलो आणि ड्रायडनजवळचं हॅमंड हिल. झाडाखालचा नेमका सपाट तुकडा मात्र सांगणार नाही. चकती नसलेल्या जागी मुक्काम करू देण्याची पद्धत माणसं विखुरतात म्हणूनच चालते. एकच बिंदू सगळ्यांना कळला की दोन उन्हाळ्यांत तिथे गवताची काडी राहत नाही, आणि मग ‘नो कॅम्पिंग’ची पाटी लागते.

तुम्ही ऑक्टोबरमध्ये जायचं म्हणताय. जरूर जा. १ ऑक्टोबरपासून तिथे धनुष्यबाणाने हरणांची शिकार सुरू होते, तेव्हा भडक नारिंगी टोपी किंवा जाकीट घाला. रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो. ओला फिल्टर गोठला की आतले धागे फाटतात आणि बाहेरून काही कळत नाही, म्हणून तो स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. शिंडॅगिनमध्ये ट्रेलवर तीन भिंतींचा एक निवारा आहे, लीन-टू म्हणतात तो. तो आपल्यापुरता अडवून ठेवता येत नाही, मागून कुणी आलं तर जागा द्यावी लागते, आणि आत तंबू लावायला मनाई आहे. त्याच्या भरवशावर तंबू घरी ठेवून जाऊ नका.