बर्फ घट्ट आहे तोवर

माझ्या हातातल्या बॅगेत काय काय असतं ते एकदाचं सांगून टाकते. ढीगभर सुया. बोटाला टोचायचे लॅन्सेट. लिहिता न येणारी पेनं, आत पाण्यासारखा द्रव. तारा, बॅटरी, आणि मनात येईल तेव्हा कोकलणारा फोन. सोबत सासरे असले तर त्यांच्या खिशात नायट्रोग्लिसरीन. ही यादी चारचौघांत वाचून दाखवली तर ऐकणारा आधी दोन पावलं मागे सरेल आणि मग पोलिसांना फोन लावेल. प्रत्यक्षात यातली प्रत्येक वस्तू आम्ही दोघं धडधाकट राहावं म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेली आहे. विमानतळावरच्या सुरक्षारक्षकांना ज्या ज्या गोष्टींची धास्ती, नेमका त्यांच्यावरच आमचा जीव टांगलेला.

‘मग हे सगळं खालच्या सामानात टाकून मोकळं का होत नाही?’ असं विचारणारे हितचिंतक पुष्कळ. त्यांना सांगते. मला डायबिटीस आहे, आणि न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं, पण गोठू द्यायचं नसतं. एकदा गोठलं की ते कामातून गेलं, वितळल्यावर कितीही निष्पाप दिसलं तरी. विमानाच्या पोटात गारठा किती असेल याची हमी कोण देणार? शिवाय ती बॅग माझ्याच गावाला पोचेल याची तरी हमी कुठे असते? सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक तर खाली द्यायच्याच नाहीत, आग लागली तर ती डोळ्यांसमोर लागलेली बरी, असा नियम आहे. तेव्हा खाली जातात ते फक्त कपडे. जे हरवलं तरी चालेल तेवढंच.

द्रवपदार्थांचं हे सगळं झेंगट सुरू झालं 10 ऑगस्ट 2006 रोजी. सरबताच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं न्यायची आणि अटलांटिकवरून जाणारी विमानं उडवायची असा कट ब्रिटिश पोलिसांनी त्या दिवशी उघडकीला आणला. पुढचे काही दिवस तिथे हातात पारदर्शक पिशवी आणि त्यात पासपोर्ट, पाकीट, अत्यावश्यक औषधं एवढंच न्यायला मुभा होती. तान्ह्या बाळाची दुधाची बाटली असेल तर आईबापांनी अधिकाऱ्यासमोर ते दूध चाखून दाखवायचं! इन्सुलिन चाखून दाखवायला कुणी सांगितलं नाही हे आमच्या जमातीचं नशीब. त्याच नोव्हेंबरात युरोपात 100 मिलिलिटरचा नियम आला आणि बघता बघता जगभर पसरला. औषधांना त्यातून सूट आहे. सूट आहे म्हणजे, ती आहे हे प्रत्येक वेळी नव्याने पटवून द्यावं लागतं.

गंमत अशी की माझ्या एका पेनात इन्सुलिन असतं 3 मिलिलिटर. सगळी पेनं एका भांड्यात ओतली तरी त्या 100 च्या जवळपास जाणार नाहीत. अडतं ते इन्सुलिनला गार ठेवणाऱ्या जेलच्या पिशवीपाशी. बऱ्याच ठिकाणचा नियम असा की पिशवी दगडासारखी गोठलेली असेल तर ती घन वस्तू, बिनदिक्कत न्या. जरा मऊ पडली, आत पाणी डुचमळलं, की ती द्रव. मग चौकशी, चिठ्ठी, वरिष्ठ. आता घरून निघताना माझी पिशवी टणक असते. नियम कडक झाले म्हणून तपासणी वाढते, तपासणी वाढली म्हणून रांग लांबते, आणि त्या लांबलेल्या रांगेत उभ्या उभ्या पिशवी वितळते. रांगेच्या शेपटाशी मी कायद्याचं पालन करणारी नागरिक असते. तोंडाशी पोचेपर्यंत गुन्हेगार झालेली असते, तेही त्यांच्याच रांगेने केलेली.

“ही मऊ लागतेय,” अधिकारी अंगठ्याने दाबून म्हणतो.

“मघाशी घट्ट होती.”

“मघाशी कुठे होती?”

“त्या खांबापाशी.”

तो खांबाकडे बघतो. खांब साक्ष देत नाही. मग मी डॉक्टरांचं पत्र काढते. आजाराचं नाव, औषधांची नावं, सुया का लागतात, इन्सुलिन सोडणारा पंप आणि सेन्सर क्ष-किरणांतून का घालू नयेत, सगळं त्यात टाइप केलेलं असतं. ते कुणी वाचल्याचं मला आठवत नाही. शिक्का आहे का ते बघतात. शिक्का जरा गडद उमटलेला असला की काम पटकन होतं. हल्ली मी डॉक्टरांना औषध लिहून मागायच्या आधी शाई बघून घ्या असं सांगते. त्यांनाही सवय झाली आहे.

दंडावर माझा साखर मोजणारा सेन्सर चिकटवलेला असतो. स्कॅनरच्या पडद्यावर एक बिननाकडोळ्यांची बाहुली उमटते आणि तिच्या दंडावर पिवळा चौकोन येतो. काही सेन्सर आणि पंप त्या स्कॅनरमधून नेऊ नका असं ते बनवणारेच सांगतात, तेव्हा मला हाताने तपासा अशी विनंती करावी लागते. आणि स्वतःहून ‘मला तपासा’ म्हणणाऱ्या माणसाइतका संशयास्पद माणूस दुसरा नाही.

“हे काढा.”

“काढलं तर परत लावता येत नाही. नवीन टोचावा लागतो.”

“मग टोचा.”

“तो बॅगेत आहे, आणि बॅग तुमच्याकडे आहे.”

यावर नुसतीच शांतता.

मागच्या वेळी तर कळसच झाला. खिसे रिकामे करा म्हणाले म्हणून मी ग्लुकोजच्या गोळ्या काढून ट्रेमध्ये ठेवल्या. फोन ठेवला. ट्रे सरकत क्ष-किरणांच्या बोगद्यात शिरला आणि नेमकी तेव्हाच माझी साखर घसरली. सेन्सर ते फोनला कळवतो, आणि साखर फार खाली गेल्याचा तो भोंगा फोन मुका केलेला असला तरी वाजतो, कारण तो झोपलेल्या माणसाला उठवण्यासाठी केलेला आहे. बोगद्याच्या आतून तो असा काही घुमला की पट्टा थांबला, रांग थांबली, कमरेचे पट्टे हातात घेतलेली माणसं होती तिथे थिजली.

“हे कोणाचं आहे?”

“माझं. साखर उतरलीय. त्या ट्रेमधल्या गोळ्या द्या मला.”

“तपासणी होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही.”

साखर उतरली की दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. नजर ठेवणाऱ्यांना संशयित माणसात काय काय हेरायला सांगत असतील याचा अंदाज बांधा. तंतोतंत हेच. मी जितकी आजारी दिसत होते तितकीच अट्टल दिसत होते. पलीकडे नवरा बूट घालून, पट्टा बांधून, केस सारखे करून उभा. तो नेहमी असाच चुटकीसरशी पार होतो, त्याला कधी साधा खोकलासुद्धा होत नाही. त्याच्या खिशातही माझ्यासाठी ठेवलेल्या गोळ्या होत्या. पण तो पलीकडे होता, आणि पलीकडे गेलेल्याला अलीकडे येऊ देत नाहीत. “फेकू का?” त्याने विचारलं. विमानतळावर विचारायचा प्रश्न आहे का हा! दोन रक्षक एकदम त्याच्याकडे वळले.

शेवटी एका बाईंनी मोजे घातलेल्या हाताने गोळ्यांची नळी उचलली, उजेडात धरली, हुंगली आणि मला दिली. मी गोळ्या कडाकडा चावायला लागले तसे रांगेतले एक काका कळवळून म्हणाले, “अहो, डायबिटीस आहे ना तुम्हाला? मग गोड कशाला खाताय?” त्यांना समजावून सांगण्याइतकी साखर अंगात नव्हती. 15 ग्रॅम साखर खायची, 15 मिनिटं थांबायचं आणि पुन्हा मोजायचं, असा आमचा नियम आहे. त्या 15 मिनिटांत त्यांनी माझी सगळी बॅग उपसली, त्यामुळे वेळ कुणाचाच वाया गेला नाही.

बाबांची कथा वेगळी. सासऱ्यांच्या गुडघ्यात धातू आहे, म्हणून दारातून जाताना ते वाजणार हे ठरलेलं. त्याचं त्यांना काही वाटत नाही, उलट वाजले नाहीत तर गुडघ्याला काय झालं म्हणून काळजीत पडतात. खरी गंमत त्यांच्या खिशातल्या तपकिरी काचेच्या बाटलीत. छातीत दुखायला लागलं की जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी. मूळ बाटलीतच ठेवावी लागते, नाहीतर तिचा जोर जातो. बाबांनी रांगेत वेळ जात नाही म्हणून बाटली उघडून गोळ्या मोजल्या. पुढे एका तरुण अधिकाऱ्याने त्यांच्या तळव्यांवरून कापडाची पट्टी फिरवली आणि यंत्रात सरकवली. ते यंत्र स्फोटकांचे कण शोधतं, आणि त्या स्फोटकांच्या यादीत नायट्रोग्लिसरीन आहे. यंत्र बोंबललं. पोरगा पांढराफटक पडला.

बाबा निवृत्त रसायनशास्त्राचे मास्तर. हा क्षण त्यांच्या आयुष्यात इतक्या उशिरा यावा याचंच त्यांना वाईट वाटलं असणार. “बाळा, अगदी बरोबर आहे तुझं यंत्र,” ते म्हणाले. “सोब्रेरो नावाच्या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने 1847 साली हे पहिल्यांदा बनवलं आणि जरासं चाखलं, तर डोकं ठणकायला लागलं. का? रक्तवाहिन्या सैलावल्या! म्हणून तर ते हृदयाला चालतं. आणि पुढे 1867 साली ज्या नोबेलने डायनामाइटचं पेटंट घेतलं...” मी बाबांच्या पायावर पाय दिला. रांगेत उभं राहून डायनामाइट हा शब्द उच्चारणारे माझ्या ओळखीत एवढे एकच गृहस्थ.

पुन्हा पट्टी, पुन्हा यंत्र, वरिष्ठ, पत्र, शिक्का. शिक्का गडद होता. सुटलो.

विमानाच्या दारापाशी खुर्च्यांवर बसलो तेव्हा माझी साखर जागेवर आली होती, जेलची पिशवी साफ वितळली होती आणि नवरा बिस्किटाचा पुडा फोडत होता. बाबांचं मात्र व्याख्यान अर्धवट राहिलं होतं. त्यांनी शेजारच्या अनोळखी गृहस्थाला गाठलं. “त्याच नोबेलला शेवटी शेवटी डॉक्टरांनी हृदयासाठी हेच औषध सांगितलं, ऐकताय ना? पण नाव दिलं ट्रायनायट्रिन. लोक घाबरू नयेत म्हणून! त्यानेच एका पत्रात लिहून ठेवलंय.” गृहस्थ मान डोलावत होते. मग बाबा आवाज चढवून म्हणाले, “हे बघा, आत्ता माझ्याही खिशात आहे,” आणि बाटली काढायला त्यांनी कोटात हात घातला. गृहस्थ सामान तिथेच टाकून उठले, आणि मी व नवरा दोन्ही बाजूंनी बाबांच्या हातावर झेपावलो.