बिनहाताची खुर्ची

चेलोवादकाला काय लागतं, असं कुणी विचारलं की मी 'गुरुकृपा आणि साधना' म्हणावं अशी अपेक्षा असते. मला बिनहाताची खुर्ची लागते. सपाट, टणक, मागे न कलणारी. बास. बाकी सगळं मी घरून आणते.

चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. तो दोन गुडघ्यांच्या मध्ये धरतात. खर्जाची तार छेडायची तर गज उजव्या गुडघ्याजवळ खाली उतरतो. तिथे खुर्चीचा हात आला की गज 'ठक्क' करून त्यावर आपटतो आणि रसिकांना वाटतं, ही समेची जागा असावी. शिवाय वाद्याच्या बुडाला एक टोकदार दांडी असते. ती जमिनीत रुतावी अशी योजना. पण आमच्याकडे जिथे तिथे गुळगुळीत टाइल्स. म्हणून दांडी पट्ट्याने खुर्चीच्या पायाला अडकवायची, नाहीतर ऐन रंगात चेलो पहिल्या रांगेतल्या आजोबांकडे निघतो. स्टेज लाकडी असलं तर मॅनेजर येऊन विचारतात, "भोक नाही ना पडणार?" मी तेव्हा तारा जुळवण्यात गढलेली असते.

आयोजकांशी होणारं बोलणं आता मला पाठ आहे.

"काका, बिनहाताची खुर्ची लागेल."

"खुर्च्यांची काळजीच करू नका. चारशे आहेत."

"हात नसलेली हवी."

"हात मोडलेल्याही निघतील दोन-चार."

प्रत्यक्ष गेल्यावर स्टेजवर लाल मखमलीचं सिंहासन असतं. अध्यक्षांचं. त्यात बसलं की माणूस हनुवटीपर्यंत बुडतो. मांडववाल्याच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या झाडून सगळ्या हातवाल्या. लोखंडी घडीची खुर्ची मागे कलते, म्हणजे मी मागे आणि चेलो माझ्या उरावर. ऑफिसात एक नामी खुर्ची दिसते, पण तिच्या डोक्यावर पाटी: 'येथील खुर्ची हलवू नये. हलवल्यास परत कोण आणून ठेवणार?' प्रश्न रास्त आहे.

मग कुणीतरी जाणकार पुढे होतात. "गादीवरच बसा की. सवाई गंधर्व महोत्सवात सगळे गादीवरच बसतात." यावर मला हसताही येत नाही, कारण मूळच्या नेदरलँड्सच्या सास्किया राव-द हास यांनी खरोखरच जमिनीवर बसून वाजवता येईल असा लहान चेलो घडवून घेतला, वर तरफेच्या, म्हणजे न छेडता आपोआप झंकारणाऱ्या ताराही चढवल्या, आणि त्यावर त्या राग वाजवतात. माझा चेलो मात्र साडेचार फुटी पेटीत मावणारा, खानदानी युरोपियन. तो मांडी घालत नाही.

आजीचं दुखणं वेगळंच होतं. "बाईच्या जातीनं असं पाय फाकून बसायचं?" यात ती एकटी नव्हती. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या बायकाही याच धाकाने दोन्ही पाय एका बाजूला वळवून चेलो वाजवायच्या. पोर्तुगालच्या चेलोवादक गिलेर्मिना सुजियाने तो सरळ गुडघ्यांत धरला आणि नाव काढलं. चित्रकार ऑगस्टस जॉनने केलेलं तिचं चित्र लंडनच्या टेट कलासंग्रहालयात आहे. मी मोठ्या हौसेने ते आजीला दाखवलं. आजीने चष्मा पुसून बराच वेळ बघितलं. "हिचा झगा बघ केवढा घेराचा आहे. आणि तुझी ती जीन्स!"

रिक्षाचं फार सांगत नाही. नामवंत चेलोवादक यो-यो मा 1999 साली न्यूयॉर्कच्या टॅक्सीत आपला 1733 चा चेलो विसरला, डिकीत. पुण्यात नळस्टॉपहून कॅम्पात जाताना तसं होण्याची सोयच नाही. तो माझ्या मांडीवर असतो आणि त्याचं डोकं बाहेर. सिग्नलला शेजारचा स्कूटरवाला विचारतो, "आत कोण आहे?"

पुढे थोर चेलोवादक झालेल्या पाब्लो कासाल्सला 1890 साली, तेराव्या वर्षी, बार्सिलोनातल्या एका दुकानात जर्मन संगीतकार बाखच्या एकल चेलोसाठीच्या सहा रचनांची जुनी प्रत मिळाली. त्या लोकांसमोर वाजवायला त्याने पुढे बारा वर्षं घेतली म्हणतात. अभ्यासक याला तपश्चर्या म्हणतात. मला वाटतं, तो खुर्ची शोधत असावा. नोव्हेंबर 1989 मध्ये बर्लिनची भिंत फुटली तेव्हा रशियन चेलोवादक रोस्त्रोपोविच विमानाने तिथे पोचला आणि भिंतीशी बसून त्याने बाख वाजवला. सगळे त्या फोटोतली भिंत बघतात, मी खुर्ची बघते. चेलो पॅरिसहून आणला होता, खुर्ची तिथेच मागावी लागली. आणि मिळाली! दोन जर्मनींच्या गोंधळात मिळाली.

बाखवर घर चालत नाही, म्हणून मी लग्नाच्या स्वागत समारंभातही वाजवते. मागच्या मोसमात कर्वेनगरच्या एका कार्यालयात असाच शोध चालला होता. सनईवाले केव्हाच गादीवर स्थिरावून चहा पीत होते. नवरा-नवरीचं सिंहासन, विहिणींचे सोफे, सगळं बघून झालं. शेवटी मुदपाकखान्यात आचाऱ्याच्या बुडाखाली एक लाकडी स्टूल दिसलं. उंची बरोबर, सपाट, टणक. आचारी दिलदार निघाला. जिलबीचं पीठ फडक्याने पुसून त्याने ते स्वतः स्टेजवर आणून ठेवलं. पट्टा पायाला घट्ट बसला. डोळे मिटून मी बाखच्या पहिल्या रचनेतला प्रिल्यूड, म्हणजे सुरुवातीचा भाग, सुरू केला. गज खर्जापर्यंत कुठेही न अडखळता जात होता. असं सुख वर्षातून एखाद्या वेळी मिळतं.

तेवढ्यात दंडाला कुणीतरी हळूच हात लावला. मुलीचे काका होते. घामाघूम, मागे दोन पोरं, आणि पोरांच्या डोक्यावर मखमलीचं सिंहासन.

"ताई, स्टुलावर काय बसलाय? लोक आम्हाला नावं ठेवतील. उठा बघू."