सात दिवसांत नवे दात, जुनीच झोप

तुम्ही झोपेत दात खाता. तुम्हाला हे मान्य नसेल, कारण त्या वेळी तुम्ही झोपलेले असता. पण सकाळी जबडा जड असतो, कानशिलं ठणकतात, गालाच्या आतून पांढरी रेघ उमटलेली असते, जिभेच्या कडांवर दातांचे ठसे असतात. सुळ्यांची टोकं कधीच झिजून गेली आहेत आणि परवा काही कारण नसताना दाढेचा टवका उडाला. तेव्हा आता इलाज करायलाच हवा.

मात्र घराजवळच्या दंतवैद्याकडे जाऊ नका. तो भलतेच प्रश्न विचारतो. घोरता का? सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटतं का? कोणती औषधं चालू आहेत? कॉफी किती, सिगारेट किती, झोपण्यापूर्वी मद्य घेता का? काम करताना दातांवर दात दाबून बसता का? दात दाखवायला गेलेल्या माणसाच्या आयुष्यात इतकं नाक खुपसायचं कारण काय? वर पुन्हा म्हणतो, ‘दोन आठवड्यांनी या, मग बघू.’ बघू? तुमच्याकडे पारपत्र आहे, रजा आहे, आणि ज्या देशात दात स्वस्तात मिळतात तिथे समुद्रही आहे. तिकीट काढा.

ठिकाणांची कमतरता नाही. अमेरिकेच्या सीमेला लागून मेक्सिकोत लॉस अल्गोडोनेस नावाचं गाव आहे. वस्ती काही हजारांची आणि दंतवैद्य काही शेकड्यांनी. लोक त्याला दाढांचं शहरच म्हणतात. हंगेरीत ऑस्ट्रियाच्या सीमेजवळ मोशोनमज्यारोवार आहे, तिथेही गल्लोगल्ली दवाखाने. तुर्कस्तानला तर इतकी ब्रिटिश तरुण मंडळी पांढरेशुभ्र दात लावून घ्यायला गेली की ‘टर्की टीथ’ असा शब्दच इंग्रजीत रुजला. या सगळ्या ठिकाणी निष्णात डॉक्टर आहेत, हे मी मुद्दाम सांगून ठेवतो, कारण तुम्हाला त्यांच्यापासून जपायचं आहे. निष्णात डॉक्टर ‘तुमचं काम सात दिवसांत होणार नाही’ असं तोंडावर सांगतो आणि सहलीचा विचका होतो. म्हणून ज्याच्या जाहिरातीत डॉक्टरच्या नावाआधी हॉटेलचं नाव येतं, तो दवाखाना निवडा.

आता फोटो पाठवा. बाथरूमच्या दिव्याखाली, ओठ ताणून काढलेले तीन-चार पुरतात. अर्ध्या तासात उत्तर येईल: वीस कॅप (तासलेल्या दातावर चढवायच्या टोप्या), दोन इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवायचे स्क्रू, त्यांवर कृत्रिम दात), बोटॉक्सचं इंजेक्शन भेट. उत्तर लिहिणारी व्यक्ती डॉक्टर नसते, ‘पेशंट कोऑर्डिनेटर’ असते, म्हणून तर ते इतक्या लवकर येतं. उंटावरून शेळ्या हाकणं उगाच बदनाम झालंय. इथे उंटाचं भाडं शेळी स्वतः भरते. सोबत एक फॉर्म असेल, त्यात कुठेतरी बारीक अक्षरात विचारलेलं असेल, ‘तुम्ही दात खाता का?’ तिथे ‘नाही’वर खूण करा. ‘हो’ म्हणालात तर उगाच फाटे फुटतात. चिनीमातीचे दात टवके उडून खराब होण्याचं आणि इम्प्लांट निकामी होण्याचं एक ठळक कारण म्हणजे दात खाणं, हे त्यांनाही माहीत असतं. मग ते कॅपांची संख्या कमी करतील, वेगळं साहित्य सुचवतील, नाहीतर आधी झोपेची तपासणी करून या म्हणतील. ज्यासाठी निघालात तेवढंच लपवलं की बाकी सगळं सुरळीत होतं.

पहिल्या दोन दिवसांत दात तासले जातात. इथे थोडं थांबून मानवी प्रयत्नाला दाद द्यायला हवी. इनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. त्यात ९६ टक्क्यांच्या आसपास खनिज असतं आणि एकदा गेलं की ते पुन्हा वाढत नाही. तुम्ही रात्र-रात्र राबून ते कणाकणाने झिजवत होता. वीसेक वर्षांच्या मेहनतीनंतरही तुमची मजल दाढांचे उंचवटे सपाट करण्यापलीकडे गेली नव्हती. पूर्ण कॅप बसवायची तर दाताच्या दिसणाऱ्या भागातला साधारण दोन तृतीयांश काढून टाकावा लागतो. म्हणजे जे काम तुम्हाला जन्मभर झोपून जमलं नसतं, ते ड्रिल एका दुपारी उरकतं. दात वाचवायला आला होतात ना? उरलेल्या खुंटांचा फोटो घेऊन ठेवा. तुम्ही मागितलं होतं व्हिनीयर, म्हणजे पुढून चिकटवायचा पातळसा पापुद्रा, आणि बसल्या पूर्ण कॅपा, याबद्दल कुरकुर करू नका. तोंड बधिर असताना कुरकुर नीट ऐकूही येत नाही.

तासलेल्या दातांपैकी एखाद्याची नस पुढे काही महिन्यांनी दुखावून उठते आणि रूट कॅनॉल करावं लागतं. तोवर तुम्ही दुसऱ्या खंडात असता, त्यामुळे दवाखान्याला त्याचा त्रास नाही.

इम्प्लांटचंही मनावर घेऊ नका. हाडाने त्या स्क्रूला धरून ठेवायला बहुधा तीन ते सहा महिने लागतात. तुमच्या परतीच्या तिकिटाबद्दल हाडाला कोणी सांगितलेलं नसतं. शिवाय नैसर्गिक दाताभोवती दाब ओळखणारा एक पातळ पडदा असतो, तो ‘पुरे’ म्हणून इशारा देतो. इम्प्लांटला तो नसतो. रात्री कितीही जोरात आवळा, तो बिचारा तक्रार करत नाही, थेट सैल होतो.

मधल्या रात्री मात्र सत्कारणी लावा. लांबचा विमानप्रवास, उलटंसुलटं झालेलं घड्याळ, अनोळखी गादी, विमानात मिळालेलं मद्य, त्यावर उतारा म्हणून प्यायलेली कॉफी, आणि इतका खर्च केला तो बरोबर केला का ही काळजी: झोप विस्कटायला आणि दात खायला यापेक्षा पोषक वातावरण ठरवूनही जमणार नाही. तात्पुरत्या प्लॅस्टिकच्या कॅपांवर सरावही होतो. एखादी निखळली तर सकाळी गाडी न्यायला येणारच आहे.

शेवटच्या दिवशी पक्क्या कॅपा बसवतात. सहा तास जबडा वासून तुमचे स्नायू थकलेले असतात, अर्धं तोंड बधिर असतं, आणि नेमकं तेव्हाच दातांमध्ये रंगीत कागद धरून विचारतात, ‘चावून बघा, उंच लागतंय का?’ तुम्हाला स्वतःची जीभही लागत नसते. ‘नाही’ म्हणा. कोणती कॅप उंच आहे ते तुम्हाला विमानात कळेल.

आता मूळ दुखण्याचं काय, असं विचारणारा एखादा चिकित्सक भेटेलच. त्याला सांगा, चावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची ठेवण, सुधारला की दात खाणं थांबतं. हा समज फार जुना आहे आणि पॅकेज विकायला अत्यंत सोयीचा. संशोधकांनी तो केव्हाच बाजूला ठेवला. झोपेतलं दात खाणं मेंदूतून सुरू होतं: बहुतेक वेळा हलक्या झोपेत मेंदू क्षणभर जागा झाल्यासारखा होतो, नाडी वाढते, आणि मग जबडा चालू लागतो. दाढ खरी आहे की झिर्कोनियाची, याची मेंदूला पर्वा नसते. २०१८ मध्ये जगभरातल्या तज्ज्ञांच्या एका गटाने तर असं मांडलं की एरवी निरोगी असलेल्या माणसात दात खाणं हा आजार नाही, ते स्नायूंचं एक वर्तन आहे. काहींना त्याने अपाय होतो, काहींना काहीच होत नाही. सुमारे ८ टक्के प्रौढ हे करतात. कधी त्याच्यासोबत झोपेत श्वास अडकण्याचा विकार निघतो, कधी आम्लपित्त वर येणं, कधी नैराश्यावरची काही औषधं त्याला हातभार लावतात. यातलं एकही ड्रिलने निघत नाही. नक्की काय चाललंय ते पाहायचं तर जबड्याच्या स्नायूंवर तारा चिकटवून रात्रभर प्रयोगशाळेत झोपावं लागतं, आणि त्या खोलीला समुद्राकडे उघडणारी खिडकी असेलच असं नाही.

दिवसा दात आवळणाऱ्यांसाठी एक साधा उपाय आहे: ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ सैल, आणि हे दिवसभरात वरचेवर आठवत राहायचं. खरं तर चोवीस तासांत वरचे-खालचे दात एकमेकांना टेकायची गरज अर्ध्या तासाचीही नसते. पण हा उपाय फुकट आहे, म्हणजे त्यात दम नसणार.

हो, नाईट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर चढवायचा साचा, राहिलाच. निघताना ‘भेट’ म्हणून छानशा डबीत मिळतो. कडक ॲक्रिलिकचा गार्ड माप घेऊन बनवतात, सगळे दात त्यावर सारखे टेकतील असा घासून बसवतात, आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासून पुन्हा घासतात. तुमचं विमान तीन तासांनी आहे. तेव्हा मऊ, रबरी, घाईत बनवलेला घ्या. काहीजण त्यावर आणखी जोमाने चावतात असंही दिसून आलंय. आणि गार्डकडून फार अपेक्षा नको. तो दात वाचवतो, सवय मोडत नाही. २००७ च्या एका मोठ्या आढाव्यातही त्याने दात खाणं कमी होतं असं म्हणण्याइतका पुरावा सापडला नव्हता. तुमच्या घरी आधीचा, नीट बसवलेला गार्ड असेल, तर तो नव्या कॅपांवर चढणार नाही. म्हणजे दात खाणाऱ्याकडची एकमेव कामाची वस्तू नव्या दातांनी निकालात काढली.

बोटॉक्सने जबड्याचा जोर तीन-चार महिने कमी होतो, मग परत येतो. पुढच्या सहलीचं वेळापत्रक त्यावरून आखता येईल.

परतताना एक्स-रे, इम्प्लांटच्या कंपनीचं नाव, कॅपांचं साहित्य, असली कागदपत्रं मागून कोणाला अडचणीत टाकू नका. इथला दंतवैद्य नंतर विचारेल, ‘हा स्क्रू कोणत्या कंपनीचा? मला याला लागणारा पाना मिळवावा लागेल,’ तेव्हा खांदे उडवा. गॅरंटीचं कार्ड मात्र जपून ठेवा. त्यावर बहुधा लिहिलेलं असतं: दरवर्षी याच दवाखान्यात तपासणी आवश्यक, नाईट गार्ड रोज रात्री आवश्यक, दात खाण्याने झालेलं नुकसान ग्राह्य नाही. प्रवास विम्याकडेही धाव घेऊ नका. ठरवून केलेल्या उपचारातल्या गुंतागुंती त्यात सहसा धरलेल्या नसतात.

मग एका सकाळी वरच्या सुळ्याचा पांढराशुभ्र टवका उशीवर सापडेल. कोऑर्डिनेटरला लगेच फोटो पाठवा. उत्तर याही वेळी अर्ध्या तासात येईल, हसऱ्या चेहऱ्यासकट: ‘काळजी करू नका, दुरुस्तीचं वेगळं पॅकेज आहे. ते फक्त सहा दिवसांचं.’