सातबारा कोरा आहे म्हणून जमीन मोकळी आहे का?

जमीन घ्यायची म्हटली की पहिला सल्ला फुकट मिळतो: सातबारा बघा. बघितला. पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा उतारा काढला, आठ-अ काढला, जुने फेरफार काढले. इतर हक्काच्या रकान्यात ना सोसायटीचा बोजा, ना बँकेचा, ना बहिणींची हरकत. गावातली जाणती माणसं म्हणाली, असा साफ उतारा आजकाल बघायला मिळत नाही. ठीक. आता पुढचा प्रश्न: या गटातून सरकार काही नेणार आहे का? भूसंपादनात आहे का ही जमीन? एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर लेखी देणारी एक खिडकी अख्ख्या महसूल खात्यात नाही. एक सुद्धा नाही!

मी परभणी जिल्ह्यातला. आमच्याकडं सध्या शेतांपेक्षा नकाशावरच्या रेघा जास्त झाल्यात. समृद्धीला जोडणारा जालना-नांदेड द्रुतगती मार्ग आमच्यातून जाणार. शक्तिपीठ महामार्ग वर्ध्याजवळच्या पवनारहून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत, मूळ आखणीत ८०२ किलोमीटरचा, तो मराठवाड्यातल्या नांदेड, हिंगोली, परभणी, बीड, लातूर, धाराशिव अशा सहा जिल्ह्यांतून आखला. शेतकऱ्यांनी विरोध केला, २०२४ मध्ये गुंडाळल्यासारखा वाटला, २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं परत मान्यता दिली, मग आखणी बदलणार म्हणून बातम्या. रस्ता व्हावा की न व्हावा हा वेगळा वाद आहे, आणि ज्यांची पिढीजात काळी जमीन त्यात चाललीय त्यांचं दुखणं माझ्यापेक्षा कितीतरी मोठं आहे. माझं म्हणणं फक्त इतकंच, की आज रेघ ज्या गटांवरून चाललीय ते गट तरी विचारणाऱ्याला सांगा.

तलाठ्याकडं जा (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पदाचं नाव बदललं, सज्जावर भेटायची मारामार तीच). ते म्हणतात, ‘आमच्याकडं पत्र आलेलं नाही.’ पत्र आलेलं नाही म्हणजे संपादन नाही, असं लिहून देता का? नाही. तहसीलला जा. तिथले म्हणतात, भूसंपादन शाखेला विचारा. भूसंपादन शाखेत गेलं की टेबलामागचा माणूस मान वर न करता विचारतो, ‘कोणत्या प्रकल्पासाठी?’

अहो, तेच तर विचारायला आलोय! कोणत्या प्रकल्पात आहे हे मला माहीत असतं तर मी तुमच्या दारात कशाला आलो असतो?

पण त्यांची अडचणही खरी आहे, आणि तीच जास्त चीड आणणारी आहे. तिथल्या संचिका गावावार नाहीत, प्रकल्पावार आहेत. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १९५६ चा कायदा, त्यातली कलमं थ्री-ए (संपादनाचा इरादा) आणि थ्री-डी (संपादनाची घोषणा). रेल्वे असेल तर १९८९ चा कायदा, कलम २०-ए. एमआयडीसी असेल तर १९६१ चा कायदा, कलम ३२. तलाव, कालवा असेल तर २०१३ चा भूसंपादन कायदा, कलम ११ आणि १९. प्रत्येकाचा अधिकारी वेगळा, फाईल वेगळी, कपाट वेगळं. वर जिथं वाटाघाटीनं थेट खरेदी चालू आहे, तिथं तर अधिसूचनेचीही वाट बघायची नाही, बोलणी आधीच सुरू. आणि सगळ्या कपाटांच्या मध्ये उभा राहून मी एक गट नंबर घेऊन विचारत फिरतोय. म्हणजे खातेदार एक, गट एक, सातबारा एक, आणि सरकार मात्र चार-पाच. एक सरकार दुसऱ्या सरकारला ओळखत नाही.

मग शहाणी माणसं सांगतात, ‘राजपत्रात येतं ना, पेपरला येतं.’ येतं की. कायद्यानंच दोन वर्तमानपत्रांत छापायचं बंधन आहे, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. बघितलीय का कधी ती नोटीस? पान भरून तक्ता, अक्षर इतकं बारीक की पंचविशीतल्या पोरानं सुद्धा मोबाईलनं फोटो काढून मोठं करून वाचावं. गावाचं नाव, गट नंबर, त्यापुढं ‘पै’ (म्हणजे त्या गटापैकी), मग हेक्टर आणि आर. त्या ‘पै’नं तर माझं डोकं उठवलंय. अमुक गट पै, शून्य हेक्टर चौतीस आर. म्हणजे त्या गटातले साधारण चौतीस गुंठे. कुठले चौतीस? उगवतीचे की मावळतीचे? विहिरीकडचे की वाटेकडचे? ते संयुक्त मोजणीच्या नकाशात असतं, आणि तो नकाशा बघायला परत त्याच टेबलापाशी, ‘कोणत्या प्रकल्पासाठी?’ हा पेपर ज्या दिवशी निघाला त्या दिवशी मी जमीन घ्यायच्या विचारातही नसेन. मी काय दहा वर्षांची रद्दी घरात साठवून ठेवायची?

आणि गंमत बघा, कायदा धरून चालतो की मी ती नोटीस वाचली. राजपत्रात छापलं म्हणजे सगळ्या जगाला कळलं. २०१३ च्या कायद्याच्या कलम ११ ची अधिसूचना निघाली की संपादन पुरं होईपर्यंत त्या जमिनीचा व्यवहारच करायचा नाही, असं त्याच कलमात लिहिलंय. जिल्हाधिकाऱ्यांनी खास सूट दिली तर गोष्ट वेगळी. राष्ट्रीय महामार्गात थ्री-डी निघालं की जमीन थेट केंद्र सरकारची होते. मावेजा, म्हणजे नुकसानभरपाई, अजून ठरलेलीही नसते. सातबाऱ्यावर मात्र तेच मूळ मालकाचं नाव, खाली क्यूआर कोड, ऐटीत. अधिसूचनेनंतर जमीन घेणाऱ्याचं काय होतं? सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये शिवकुमार विरुद्ध भारत सरकार या निकालात सांगून टाकलंय की असा खरेदीदार संपादनालाच आव्हान देऊ शकत नाही, फार तर विकणाऱ्याच्या हक्कावर मावेजा मागू शकतो. न्यायालयाचं मी समजू शकतो, नाही तर कोणीही अधिसूचनेनंतर खरेदी करून संपादन अडवेल. पण मला कळायची सोय कुठंय, हे कोणी विचारायचं?

‘मावेजा मिळतो की, रडता कशाला!’ असं म्हणणारे पण भेटतात. मावेजा ठरतो रेडीरेकनरच्या सरकारी दरावर किंवा आजूबाजूच्या मागच्या तीन वर्षांच्या खरेदीखतांवर, जे जास्त असेल त्यावर, आणि त्या खरेदीखतांत खरा भाव किती जण लिहितात ते मी सांगायला नको. वर १०० टक्के दिलासा रक्कम मिळते, कबूल. पण ती कोणाच्या नावानं निघणार, भाऊबंद हरकत घेणार का, कोर्टात किती वर्षं जाणार? मला घर बांधून दोन म्हशी ठेवायच्यात, निवाड्याची प्रत घेऊन फिरायचं नाही.

दुय्यम निबंधक कार्यालयाची तऱ्हा आणखी न्यारी. तिथं दस्त नोंदवतात, हक्क तपासत नाहीत. थांबवा असं पत्र आलं असेल तर थांबवतील, नसेल तर मुद्रांक शुल्क घेतील, अंगठा घेतील, फोटो काढतील, संपलं. सरकारचा एक हात माझ्याकडून शुल्क घेतो, दुसरा तीच जमीन काढून घेतो. वकिलाचा सर्च रिपोर्ट घ्यावा तर त्यात तीस वर्षांची मालकी असते, बोजे असतात, इंडेक्स-टू (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) असतो. भूसंपादनाबद्दल शेवटी एक ओळ: पक्षकारानं संबंधित कार्यालयातून खात्री करून घ्यावी. संबंधित कार्यालय! आणि दस्तलेखक तर न विचारताच टाईप करतो, ‘सदर मिळकत कोणत्याही सरकारी अथवा निमसरकारी संपादनात नाही.’ कशावरून? तर फॉरमॅटमध्ये आहे. मी म्हणालो, हे वाक्य खरं आहे का ते तुम्ही बघितलं का? तो माझ्याकडं असा बघायला लागला जणू मी त्याची शिक्षणाची सर्टिफिकेटं मागितली.

बरं, हे नव्या प्रकल्पांचंच नाही. मराठवाड्यात १९७२ च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीवर गावोगाव पाझर तलाव झाले. कित्येक ठिकाणी तलाव झाला, पाणी साठलं, माणसं पोट भरून जगली, पण कमी-जास्त पत्रक काही झालं नाही. संपादन झाल्यावर भूमी अभिलेखनं ते पत्रक करायचं, मग सातबाऱ्यावरून तेवढं क्षेत्र कमी व्हायचं. ते न झाल्यानं पाण्याखालचं रान अजून कुणाच्या तरी आजोबांच्या नावावर आहे. ते विकायला निघालेले पण असतात! उन्हाळ्यात तलाव आटल्यावर जमीन दाखवायची, काळी कसदार, गाळानं भरलेली. उलटीकडं, लाभक्षेत्रातल्या कितीतरी सातबाऱ्यांवर पुनर्वसनासाठी विक्रीला बंदी असा शेरा वर्षानुवर्षं तसाच पडून, प्रकल्प पुरा होऊन गेला तरी. नको तिथं शेरा, हवा तिथं कोरा.

आता खरी खबर कुठं मिळते ते सांगतो. राजपत्रात नाही, शेजारच्या बांधावर. जिथं गेल्या वर्षापर्यंत सोयाबीन होतं तिथं एका रात्रीत तीन-तीन फुटांवर मोसंबीची नाही तर पेरूची रोपं उभी राहिली, रानाच्या मधोमध कारण नसताना पत्र्याचं शेड आलं, बोअरची गाडी येऊन गेली, की समजायचं, रेघ इथूनच चाललीय. झाडाचा वेगळा मावेजा, शेडचा वेगळा, बोअरचा वेगळा. त्या माणसाला कसं कळलं? त्याला कोणत्या खिडकीनं सांगितलं? ज्यांना कळायचं त्यांना राजपत्राच्या आधी कळतं आणि ते कवडीमोलानं रानं घेऊन ठेवतात. आम्हाला मात्र ‘पत्र आलेलं नाही’. मी आता जमीन बघायला गेलो की आधी माती बघत नाही, चारी बाजूंची रोपं बघतो. चुन्यानं रंगवलेले दगड दिसतात का बघतो. ड्रोन फिरला होता का, हे पोरांना विचारतो. म्हातारी माणसं सांगणार नाहीत, पोरं सांगतात.

माहिती अधिकार? टाका की, दहा रुपयांचा स्टॅम्प. तीस दिवसांची मुदत. त्यात परत ‘प्रकल्पाचा तपशील द्यावा’ असं उत्तर आलं तर अपील. इकडं विकणाऱ्याला इसार आठवड्यात पाहिजे, दुसरं गिऱ्हाईक नांदेडहून गाडी घेऊन येऊन गेलेलं असतं.

आणि हे सगळं अवघड आहे म्हणून होत नाही, असं पण नाही. शेतकऱ्यानं पीककर्ज काढलं की बँकेचा बोजा उताऱ्यावर चढतो.  उताऱ्यांना यूएलपिन, म्हणजे जमिनीचा स्वतंत्र ओळख क्रमांक दिलाय, गटांचे नकाशे ऑनलाइन दिसतात. मग ज्या दिवशी थ्री-ए निघतं, कलम ११ निघतं, त्या दिवशी त्याच गटाच्या इतर हक्कात एक ओळ टाकायला काय जातं? संपादनाचं काम बघणारा अधिकारी बहुतेक महसूलचा, सातबारा लिहिणारा महसूलचा. दोघांमध्ये एक जिना आहे!

ज्यांची जमीन आहे ते मामा काल परत फोनवर म्हणाले, इसार कधी देता? मी म्हणालो, देतो, पण इसारपावतीत एक अट लिहू: रजिस्ट्रीच्या दिवसापर्यंत कोणत्याही संपादनाची नोटीस निघाल्याचं दिसलं तर इसार परत. मला वाटलं चिडतील. ते शांतपणे म्हणाले, ‘लिहा की. पण मालक, माझंच रान हाय, मलाच आजवर कोणी काही सांगितलं नाही. मी तुम्हाला काय सांगू?’