खुलासा : 'केमो फेल, आता रसच प्या' हा फॉरवर्ड चुकीचा आहे

दादर-परळच्या ज्येष्ठांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: प्रोस्टेटचा (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा) कॅन्सर पसरला आणि पहिली केमो लागू पडली नाही की डॉक्टर हात वर करतात, मग हार्मोनची इंजेक्शनं बंद करून लक्ष्मणफळाचा रस प्यावा.

वीस वर्षांपूर्वी यातलं पहिलं वाक्य जवळपास खरं होतं. पहिली केमो म्हणजे बहुधा डोसेटॅक्सेल, आणि तिच्यानंतर आयुष्य वाढवणारं काही हाती नव्हतं. २०१० मध्ये अमेरिकेत कॅबाझिटॅक्सेल ही दुसरी केमो मंजूर झाली. पाठोपाठ अबिराटेरोन, एन्झालुटामाइड या हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या आल्या. यातली एक गोळी आधीच घेऊन झाली असेल तर दुसऱ्या गोळीकडे वळण्यापेक्षा कॅबाझिटॅक्सेल बहुधा सरस ठरतं. बीआरसीए या, पेशीतला डीएनए दुरुस्त करणाऱ्या जनुकात दोष सापडला तर ओलापारिब ही गोळी. म्हणून जनुकतपासणीचं आधी विचारा.

पीएसएमए (या कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रथिन) शोधणाऱ्या पेट स्कॅनमध्ये गाठी उजळल्या तर ल्युटेशियम-१७७ हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य जोडलेलं औषध. ते गाठीच्या पेशींना चिकटून तिथेच किरणोत्सर्ग करतं. हे मूलद्रव्य आपल्याच ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात तयार होतं, हे फॉरवर्ड करणाऱ्यांना ठाऊक नसावं! या औषधाच्या मोठ्या चाचणीत निम्मे रुग्ण १५.३ महिन्यांहून अधिक जगले; त्याविना हा आकडा ११.३ होता. म्हणजे बरं होणं नव्हे, पण महिने मिळतात.

सगळ्यात घातक सल्ला इंजेक्शनं बंद करण्याचा. टेस्टोस्टेरॉन (हा कॅन्सर वाढवणारं पुरुषी हार्मोन) दाबणारी ही इंजेक्शनं पुढच्या उपचारांतही सहसा चालूच ठेवतात. रसाने हा कॅन्सर आटोक्यात येतो याला पुरावा नाही.