पुंडलिकाने भत्ता मागितला होता का?

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची घरी शुश्रूषा करणाऱ्यांना भत्ता, प्रशिक्षण आणि हक्काची रजा मिळावी, अशी मागणी पुढे आली की तिच्या पाठोपाठ एक मजकूर हमखास फिरू लागतो. सोलापुरातील सोसायट्यांच्या, ज्येष्ठांच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो सध्या पुन्हा आला आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: आईवडिलांची सेवा हे कर्तव्य आहे, तिचे पैसे मागणे म्हणजे नात्याचा बाजार मांडणे होय, हे खूळ परदेशातून आले, आपल्या एकत्र कुटुंबात कोणावर भार पडत नव्हता, सरकार आधीच पुष्कळ देते, आणि भत्ता सुरू झाला तर खोट्या अर्जांचा पूर येईल. शेवटी ठळक अक्षरांत प्रश्न आहे, ‘पुंडलिकाने भत्ता मागितला होता का?’

पंढरपूर आपल्याच जिल्ह्यातले, म्हणून हा प्रश्न आधी घेऊ. पुंडलिकाने भत्ता मागितला नाही, हे खरेच. पण कथेचा पुढचा भाग मजकूर लिहिणाऱ्याने सोयीने गाळला आहे. दारात साक्षात विठ्ठल उभा असताना पुंडलिकाने आईवडिलांची सेवा अर्ध्यावर सोडली नाही; त्याने वीट पुढे सरकवली, देवाला तिच्यावर थांबायला सांगितले आणि देव थांबला. आज वडिलांना दवाखान्यात दाखवून मुलगा तासभर उशिरा यंत्रमागावर पोहोचला तर त्याची पाळी बुडते. रजेची मागणी करणारे अठ्ठावीस युगे मागत नाहीत, वर्षाकाठी काही दिवस मागत आहेत, आणि त्यासाठी पुंडलिकाचाच दाखला देता येतो.

नात्याच्या बाजाराचा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण त्यामागे प्रामाणिक भावना आहे. पैशाने माया विकत मिळत नाही, हे कोणीही मान्य करील. परंतु सेवेला किंमत नसते, हे मात्र खरे नाही. ती कोण मोजतो एवढाच प्रश्न आहे. विडी घरकुलातील, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतील, एखाद्या घराचे उदाहरण घ्या. विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजारावर ठरते. बसलेल्या तासांना तिथे पैसे नाहीत, भरलेल्या विड्यांना आहेत. तिच्या सासूला पक्षाघात झाला असेल तर रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, एरवी माकडहाडावर, खुब्यांवर आणि टाचांवर जखमा होतात व त्या महिनोन्‌महिने भरत नाहीत. नळीने पातळ अन्न द्यायचे असेल तर रुग्णाला उशाशी उंच करून बसते करावे लागते आणि अन्न दिल्यावरही किमान अर्धा तास तसेच ठेवावे लागते, नाहीतर ते फुप्फुसात जाण्याची भीती असते. दर वेळी मांडीवरचे विड्यांचे सूप खाली ठेवायचे, तंबाखूचे हात साबणाने धुवायचे, चादर ओली आहे का ते पाहायचे, औषध द्यायचे, आणि पुन्हा येऊन पान कापायला घ्यायचे. मोडलेल्या या वेळेचा हिशोब कारखान्यात माल देताना आपोआप होतो, कारण विड्या कमी भरतात. म्हणजे सेवेची किंमत वसूल होतेच आहे, मात्र ती एकाच बाईच्या मजुरीतून वसूल होते. ज्याला ऐपत आहे तो रुग्णसेवेसाठी माणसे पुरवणाऱ्या ब्युरोकडून बारा तासांसाठी बाई ठेवतो आणि महिनाअखेर पैसे मोजतो. त्याला कोणी बाजार मांडला असे म्हणत नाही.

न्यायालयांनी हा हिशोब केव्हाच मांडला आहे. कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये, अपघातात मृत्यू पावलेल्या गृहिणीचे अंदाजित उत्पन्न धरूनच भरपाई ठरवली पाहिजे, हे तत्त्व पुन्हा अधोरेखित केले. बाई गेल्यावर तिच्या श्रमाचे मोल करणे योग्य आणि ती जिवंत असताना ते करणे अशोभनीय, ही भूमिका मला तरी समजत नाही.

परदेशी खुळाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. भारताच्या संसदेने केलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये काळजी घेणाऱ्या व्यक्तीची व्याख्या आहे. तीत आईवडील व इतर कुटुंबीय येतात आणि ते मोबदला घेतात की नाही याला महत्त्व नाही. याच कायद्याच्या कलम २४ मध्ये, ज्यांना अधिक आधाराची गरज आहे अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे, अर्थात सरकारच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. केरळमध्ये ‘आश्वासकिरणम’ योजनेखाली, अंथरुणावरील रुग्णाची पूर्ण वेळ काळजी घेणाऱ्याला दरमहा ६०० रुपये मंजूर होतात. रक्कम तुटपुंजी आहे, पण ती मंजूर होते ती काळजी घेणाऱ्यासाठी.

एकत्र कुटुंबात भार नव्हता, या विधानात ‘कोणावर’ हा प्रश्न विचारलेलाच नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील कोणाची तरी काळजी घेतात, तर पुरुषांमध्ये हे प्रमाण २१.४ टक्के आहे. ही कामे करणाऱ्यांमध्येही स्त्रिया दिवसाला सुमारे १४० मिनिटे देतात आणि पुरुष ७४. वाड्यातल्या चार सुनांपैकी एकीच्या वाट्याला जे येत होते, ते आता दोन खोल्यांतल्या एकुलत्या सुनेच्या वाट्याला आले आहे, कारण बाकीची भावंडे पुण्यात आहेत. शिवाय म्हातारपण लांबले आहे. २०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्रात साठीपुढील लोक ९.९ टक्के होते.

सरकार देते, हेही अर्धेच खरे आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा उपयोग रुग्णालयातील उपचारांना होतो. डिस्चार्ज मिळून रुग्ण घरी आला की पुढची काही वर्षे घराची असतात. श्रावणबाळ योजनेचे पैसे वृद्धाला मिळतात, आणि ते मिळालेच पाहिजेत, पण ज्याच्या नावाने ही योजना चालते त्या कावड वाहणाऱ्यासाठी तीत काही नाही. लाडकी बहीण योजनेत दरमहा १,५०० रुपये आहेत. मात्र तिचा काळजी घेण्याशी संबंध नाही आणि तिची वयोमर्यादा ६५ आहे. ७० वर्षांच्या नवऱ्याची आंघोळ, लघवीची पिशवी आणि इन्सुलिन एकटीने सांभाळणारी ६७ वर्षांची बायको त्या यादीत बसत नाही.

राहिला खोट्या अर्जांचा मुद्दा. तो रास्त आहे, आणि म्हणूनच कायद्याने त्याची सोय केलेली आहे: अधिक आधाराची गरज आहे की नाही, हे कलम ३८ नुसार मूल्यांकन मंडळाने ठरवायचे असते. भत्त्याचा वाद मिटेपर्यंत प्रशिक्षणाला तर अडचण नसावी. कूस कशी बदलावी, नळी बंद झाली तर काय करावे, जखमेची पहिली लाली कशी ओळखावी, हे डिस्चार्जच्या आदल्या दिवशी वॉर्डातल्या सिस्टरांनी घरच्या माणसाकडून एकदा करवून घ्यावे आणि ते शिकवल्याची नोंद डिस्चार्ज कार्डावर करावी. हे शिकायला खोटा अर्ज करून कोणी येणार नाही.