अर्ध्या तासाने, त्याच ठिकाणी

नव्या घराबद्दल अभिनंदन. वास्तुशांत झाली, पेढे वाटून झाले, दारावर नावाची पाटी लागली. समोरच्यांनीही "काही लागलं तर सांगा हं" म्हणून घाईघाईने दार लावून घेतलं. आता तुम्ही आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचे सभासद. संस्था हा शब्द कागदावरचा. बोलताना 'आपली सोसायटी' म्हणायचं आणि लिफ्ट बंद पडली की 'तुमची सोसायटी'. हे मुद्दाम शिकावं लागत नाही, पहिल्या पावसाळ्यात आपोआप जमतं.

जाहिरातीत हे घर स्टेशनपासून पाच मिनिटांवर होतं. ते आहेच. रात्री दोनला, रस्ता रिकामा असताना, एखादा रिक्षावाला आपल्या बाजूला यायला तयार झाला तर.

मी इथला सेक्रेटरी. "दुसरा कोणी मिळेपर्यंत सांभाळा" या बोलीवर नऊ वर्षांपूर्वी झालो. या काळात सोसायटीत अत्यंत सुखाने राहणारी माणसं जवळून पाहायला मिळाली. त्यांचं कसब तुम्हालाही कळावं म्हणून लिहितोय.

पहिलं म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभेला यायचं नाही. ही सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी द्यावी लागते. त्यामुळे नेमका तोच रविवार गाठून बाहेरगावी जायचं ठरवायला तुम्हाला भरपूर अवधी मिळतो. उपविधी, म्हणजे संस्थेचे नियम, म्हणतात, गणसंख्या (सभेला लागणारी किमान हजेरी) एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा वीस, यांत जी कमी असेल ती. आमची घरं ६४, म्हणजे वीस माणसं आली की पुरे. गणपतीच्या आरतीला, त्यातही प्रसादाच्या सुमाराला, इथे दीडशे माणसं जमतात. सभेला नऊ येतात. त्यांतले सात कमिटीचे असतात, एक काका पंख्याखाली पेपर वाचायला येतात आणि एक जण चुकून येतो.

मग नोटिशीतली शेवटची ओळ कामाला येते: गणसंख्येअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व तिला गणसंख्येची अट राहणार नाही. आम्ही नऊ जण अर्धा तास चहा पितो, एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करतो आणि साडेदहा वाजता त्याच खुर्च्यांवर बसल्या बसल्या कायदेशीर होतो. ६४ घरांचं वर्षभराचं भवितव्य मग पाऊण तासात उरकतं.

न येण्याचा फायदा लहान नाही. आलात तर हात वर करावा लागतो, आणि एकदा हात वर केला की पुढे वर्षभर "हे कोणी ठरवलं???" असं ग्रुपवर विचारता येत नाही. न आलेल्या माणसाचा हा हक्क शाबूत राहतो. तीन प्रश्नचिन्हं टाकायची, खाली दोन जण अंगठा देतात, आणि लगेच कोणीतरी उगवत्या सूर्याचं चित्र पाठवून विषय बंद करतं.

मेंटेनन्सच्या बिलातला फक्त सगळ्यात खालचा आकडा पाहायचा आणि "एवढं?" म्हणायचं. वरच्या ओळी वाचायच्या भानगडीत पडू नका, तिथे सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी, नावाची एक गोष्ट आहे. नावातच बुडणं असल्यामुळे आपले पैसे बुडणार अशी आमच्याकडे बऱ्याच जणांची समजूत आहे. आदर्श उपविधींप्रमाणे सदनिकेच्या बांधकामखर्चाच्या, जमिनीची किंमत सोडून, वर्षाला किमान पाव टक्का या निधीत जायला हवा आणि दुरुस्ती निधीत किमान पाऊण टक्का. बांधकामखर्च २० लाख धरला तर दोन्ही मिळून वर्षाला २० हजार, महिन्याला सतराशेच्या आत. हा हिशेब मी एकदा सभेत मांडला होता. पेपरवाल्या काकांनी पेपर खाली ठेवला, एवढंच त्या ठरावाचं फलित. त्याच महिन्यात दुसऱ्या मजल्यावर बारा लाखांचं इंटीरिअर चालू होतं. हॉल मोठा दिसावा म्हणून भिंत काढली, मध्ये कॉलम आला, तेव्हा सुतार म्हणाला, "थोडा छिलून घेऊ." मी धावत गेलो. मालक म्हणाले, "साहेब, माझ्या घरातला कॉलम आहे." वरच्या पाच मजल्यांना तो आपला वाटत असेल, ही गोष्ट त्यांना फारशी पटली नाही.

इमारत १५ वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे तिच्या मजबुतीची तपासणी, करायचं, ३० ओलांडली की दर तीन वर्षांनी, असंही उपविधींत आहे. आमची अठरा वर्षांची आहे. ऑडिट केलं की दोष निघतात, म्हणून न केलेलं बरं, असं बहुमत आहे. रक्त तपासलंच नाही तर साखर वाढत नाही, तसं.

आता गळतीकडे वळू. इथे मात्र घाई नको, कारण उपनगरातल्या माणसाला खरी ओळख गळतीमुळेच मिळते. आपल्या बाथरूमच्या खाली कोणाचं तरी घर आहे हे पहिली काही वर्षं लक्षात येत नाही. मग एके संध्याकाळी खालचे काका मोबाइल पुढे धरून दारात उभे राहतात. फोटोत त्यांचं छत असतं आणि छतावर पिवळसर कडांचा एक नकाशा. तुम्ही शांतपणे म्हणायचं, "आमच्याकडे तर सगळं कोरडं आहे." यात खोटं काहीच नसतं. पाणी खाली गेल्यावर वर कोरडंच राहणार.

वाद रंगतो तो पाण्याच्या स्वभावामुळे. ते जिथून शिरतं तिथेच सरळ खाली उतरत नाही. नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे बाथरूममधल्या जाळीखालच्या भांड्याच्या, सांध्यातून किंवा टाइल्समधलं ग्राउट उडालेल्या फटीतून ते शिरतं, खालच्या भरावात मुरतं, स्लॅबच्या उताराने सरकत जातं आणि वाट मिळेल तिथे, म्हणजे शक्यतो काकांच्या बेडरूमच्या कोपऱ्यात, प्रकट होतं. "बेडरूमवर आमचं बाथरूमच नाही!" हे वाक्य पाठ करून ठेवा. पुढचा डाव पैशांचा. गच्चीतून किंवा बाहेरच्या सामाईक पाइपातून गळत असेल तर खर्च सोसायटीचा, संडास-बाथरूम किंवा सिंकमधून गळत असेल तर संबंधित सदनिकाधारकाचा. म्हणून पाणी कुठूनही येत असलं तरी तुम्ही खिडकीतून हात बाहेर काढून पाइपाकडे बोट दाखवायचं.

खरं काय ते कळायला एक सोपा उपाय आहे, आणि सोपा असल्यामुळेच तो शेवटी करायची पद्धत आहे. ट्रॅपला बोळा मारायचा, बाथरूममध्ये दोन बोटं पाणी साठवायचं, त्यात रंग टाकायचा आणि एक-दोन दिवस तसंच ठेवायचं. खाली रंग उतरला की निकाल लागला. आमच्या ए विंगमध्ये हा उपाय केला तोवर तीन वर्षं, दोन वकिली नोटिसा आणि एका मुंजीवरचा बहिष्कार एवढं होऊन गेलं होतं. रंगाची पुडी मी पदरमोड करून आणली. दुसऱ्या दिवशी काकांच्या छतावर हिरवे थेंब लोंबत होते. वरच्यांना बोलावलं. त्यांनी चष्मा पुसून नीट पाहिलं, हिरवं आहे हे मोठ्या मनाने मान्य केलं आणि विचारलं, "पण हे आमचंच हिरवं कशावरून?"

काकांनी अखेर फॉल्स सीलिंग करून घेतलं. तुम्ही खालच्या मजल्यावर असाल तर तुम्हालाही माझा हाच सल्ला. डाग दिसेनासा होतो. पाणी आत सळईपर्यंत पोचतं, सळई गंजते, गंजलं की लोखंड फुगतं आणि आतून काँक्रीटला ढकलायला लागतं. पण हे सगळं पीओपीच्या वर चालतं आणि खाली छान दिवे लावलेले असतात.

पार्किंगबद्दल थोडंच सांगतो, कारण त्या विषयावर तुम्ही माझं ऐकणार नाही. दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच सांगून टाकलंय की मोफा, म्हणजे सदनिकांच्या विक्रीबाबतच्या कायद्याखाली, स्टिल्टमधलं (इमारतीच्या तळाशी खांबांमधलं) किंवा उघडं पार्किंग बिल्डरला सदनिकेसारखं सुटं विकता येत नाही, ती सामाईक जागा आहे. आमच्या बिल्डरने ते त्याआधी विकलं होतं, रोखीने, पावती न देता. ज्यांनी घेतलं ते आता त्या जागेत कुलपाची लोखंडी कमान ठोकून आहेत. ज्यांनी घेतलं नाही ते त्यांच्या मागे आडवी गाडी लावतात आणि हँडब्रेक ओढून गावाला जातात. वॉचमनला दोन्ही पक्ष सारखेच ओरडतात. त्या पगारात तेही येतं, असा समज आहे.

कुत्रा, कडी-कुलपं, दहानंतरचा आवाज, भाडेकरू मुलं यांवर ग्रुपवर लिहायला तुम्ही समर्थ आहात. सामान्य ज्ञान म्हणून एवढंच ध्यानात ठेवा, की पाळीव कुत्र्याला बंदी करता येत नाही आणि घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटीला सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची असते, म्हणून ड्रिल मशीन रविवारी दुपारी अडीचला सुरू करावं, माणसं तेव्हा जेवून आडवी झालेली असतात.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. इमारत ज्या जमिनीवर उभी आहे तिचं प्रॉपर्टी कार्ड किंवा सात-बारा काढून पाहू नका. पडदे निवडायला तुम्हाला चार महिने लागले, मोतिया की हस्तिदंती यावर घरात दोन दिवस अबोला झाला, आणि आता त्या कागदावर बिल्डरचं नाव पाहून मन खट्टू व्हायला नको. १९६३ च्या मोफा कायद्याखाली संस्था नोंदल्यावर चार महिन्यांत जमीन तिच्या नावावर व्हायला हवी. आमचे ते चार महिने अजून चालू आहेत. बिल्डर टाळत असेल तर २००८ च्या दुरुस्तीपासून मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे त्याच्याशिवाय जमीन संस्थेच्या नावावर करून घेण्याची, सोय आहे. तो सहीला आला नाही तरी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. त्यासाठी मी सगळ्यांकडे करार आणि इंडेक्स टूच्या (कराराच्या नोंदणीच्या उताऱ्याच्या) झेरॉक्स मागितल्या. ६४ पैकी अकरा आल्या, त्यांत एक विजेच्या बिलाची होती. बाकीच्यांचे कागद बँकेत, भावाकडे, माळ्यावर, किंवा "बघून सांगतो". एका गृहस्थांनी तर स्पष्टच विचारलं, "माझा फ्लॅट माझ्या नावावर आहे, मला या भानगडीत कशाला ओढता?" बरोबर आहे. ओटा त्यांचा, खिडकी त्यांची, ग्रिलमधली तुळस त्यांची. फक्त खालची माती दुसऱ्याची. उरलेल्या एफएसआयचा, म्हणजे त्या जमिनीवर अजून करता येणाऱ्या बांधकामाचा, हिशेब घेऊन बिल्डर उद्या बागेच्या जागेत खांब रोवायला आला, तर हेच गृहस्थ ग्रुपवर सगळ्यात आधी लिहितील. मजकूर मला आताच ठाऊक आहे: "सोसायटी झोपली आहे का???"

यंदाची सभा येत्या रविवारी सकाळी दहा वाजता स्टिल्टमध्ये आहे. नोटीस लिफ्टशेजारी लावली आहे, योगासनांच्या जाहिरातीखाली. विषय नेहमीचेच आहेत: मागील इतिवृत्त कायम करणे, हिशेब, स्ट्रक्चरल ऑडिट, अभिहस्तांतरण, अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय. तुम्ही येऊ नका. मीही तुमच्याकडूनच शिकतोय, त्यामुळे या वेळी मीसुद्धा जाणार नाही, नाशिकचं तिकीट काढलंय. चेअरमनना मुलीकडे जायचंय. खजिनदारांचे गुडघे. पेपरवाले काका हल्ली मोबाइलवर वाचतात.

सभा रद्द होण्याची काळजी नको, तिला आता कोणीच अडवू शकत नाही. वॉचमनला सगळं समजावून ठेवलंय: दहा वाजता चाळीस खुर्च्या मांड, अर्धा तास थांब, साडेदहाला इतिवृत्ताची वही उघड आणि मोठ्याने वाच. "साहेब, पण मी सभासद नाही ना," तो म्हणाला. म्हटलं, अरे, हरकत घ्यायला तिथे असणार कोण?